हार्ड डिस्क रात्री बंद करायची की चालूच ठेवायची? नवख्यांसाठी हिशेबासकट

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. धंदा आण्णांनी सुरू केला, रोलच्या कॅमेऱ्यावर. दुकान बंद करायची त्यांची पद्धतही त्याच काळातली. साडेनऊ वाजले, शटर अर्धं खाली आलं, की हात थेट मेन स्विचवर. खट्ट. पंखा, ट्यूबलाईट, देवाजवळचा बल्ब आणि माझा एडिटिंगचा पीसी, सगळं एका दमात गप. "आण्णा, पीसी आधी शटडाऊन करावा लागतो," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बंदच करायचाय न्हवं? मग कसा का हुईना!"

ऐन लग्नसराईत त्या पीसीतली डिस्क गेली. सकाळी चालू केल्यावर आतून टक... टक... टक असा आवाज आला आणि विंडोजला डिस्क दिसेचना. तिच्यावर सात लग्नं होती. पाचांचा बॅकअप होता, एक कॅमेऱ्याच्या कार्डांवर शिल्लक सापडलं. सातव्या घरी मी आणि आण्णा पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो होतो. पुढचं सांगत नाही.

त्यानंतर तीन जणांनी तीन सल्ले दिले. रिपेअरवाला म्हणाला, "रोज चालू-बंद केल्यानं जातात, चोवीस तास चालू ठेवा." एक मित्र म्हणाला, "चालू ठेवलं की झिजतात, काम झालं की लगेच बंद." पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "एसएसडी घे आणि विषय संपव." तिघांच्या बोलण्यात थोडंथोडं खरं होतं आणि तिघांनीही माझी डिस्क उघडून तिचे आकडे बघितले नव्हते. ते आकडे कसे बघायचे आणि त्यावरून काय ठरवायचं, ते इथे लिहितोय.

घाई असेल त्यांच्यासाठी: रोज एकदा नीट शटडाऊन केल्याने डिस्कचं आयुष्य घटेल ही भीती सोडा. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली डिस्क चोवीस तास चालवायलाही घाबरू नका. डिस्कचं वाटोळं करणाऱ्या गोष्टी निराळ्याच आहेत: चालू असताना झटक्यात वीज तोडणं, दर दहा मिनिटांनी तिला झोपवणारे टायमर, आणि उष्णता.

लागणारं साहित्य

- क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कचे आकडे दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर (विंडोजसाठी). लिनक्सवाल्यांनी स्मार्टसीटीएल वापरावं.
- डिस्कच्या मॉडेलची डेटाशीट. लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की मिळते.
- डिस्कचं बिल आणि वॉरंटीची तारीख.
- ६०० व्हीएचा साधा यूपीएस.
- एक वही. मी जुनी ऑर्डरबुकच वापरतो.
- आणि दुसरी एक डिस्क, बॅकअपसाठी. ही नसेल तर बाकीचं सगळं वाचून उपयोग नाही.

१. आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हा लेख तिच्यासाठी नाही. फिरणाऱ्या डिस्कमध्येही जाती आहेत. साधी डेस्कटॉप डिस्क, लॅपटॉपची लहान डिस्क, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठीची (म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यासाठीची), एनएएससाठीची (म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या साठवणीच्या डब्यासाठीची) आणि मोठ्या सर्व्हरची. बाहेरून सगळ्या सारख्याच, आतला हिशेब वेगळा.

डेटाशीटमध्ये 'पॉवर-ऑन अवर्स' बघा. बऱ्याच साध्या डेस्कटॉप डिस्क वर्षाला २,४०० तास धरून बनवलेल्या असतात, म्हणजे दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस. चोवीस तास चालवली तर वर्षाचे ८,७६० तास होतात, साडेतीन पटींहून जास्त. सीसीटीव्ही आणि एनएएसच्या डिस्क मात्र ८,७६० तासच धरून बनवतात. "चालूच ठेवा" हा सल्ला कुठल्या डिस्कला लागू होतो, ते इथेच ठरतं.

*फसगत:* डीव्हीआर बसवणारा कधीकधी पैसे वाचवायला साधी डेस्कटॉप डिस्क टाकतो. झाकण उघडून लेबल स्वतः वाचा.

२. आत काय चालतं ते एकदा डोळ्यासमोर आणा

७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकडीचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर. गुणाकार केला तर तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. कागलकडे जाणाऱ्या हायवेवर गाडी पळवावी तशी, आणि तेही वर्षानुवर्षं. वाचणारं हेड या तबकडीला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. तबकडी फिरते म्हणून तो थर टिकतो. ती थांबायच्या आत हेडने बाजूला निघून गेलं पाहिजे.

आताच्या डिस्कमध्ये हेडसाठी कडेला एक प्लॅस्टिकची उतरंड असते. शटडाऊन म्हटलं की पीसी डिस्कला आधी सांगतो, डिस्क हेड सावकाश त्या उतरंडीवर चढवून ठेवते आणि मगच तबकडी थांबते. जुन्या डिस्कमध्ये ही सोय नव्हती. हेड तबकडीवरच्या ठरलेल्या जागी सरळ टेकायचं, घासायचं, कधी चिकटूनही बसायचं. "चालू-बंद करू नका" हा सल्ला त्या काळात खरा होता. डिस्क बदलल्या, सल्ला तोच राहिला.

मग मेन स्विच पाडला तर काय होतं? डिस्कला कुणी काही सांगितलेलंच नसतं. अशा वेळी ती फिरणाऱ्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून, मोटरच उलट जनित्रासारखी वापरून, थोडी वीज मिळवते आणि त्यावर हेड झटक्यात ओढून घेते. योजना बनवणाऱ्याला सलाम, पण ती जीव वाचवण्यासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. चालत्या एसटीतून उडी मारता येते म्हणून रोज स्टँडवर तसंच कुणी उतरत नाही. शिवाय त्या क्षणी काही लिहिलं जात असेल तर फाईल अर्धवट राहते ती वेगळीच.

चालू होतानाही ताण असतोच. थांबलेली तबकडी वेगात आणायला साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर २ अँपियरच्या आसपास करंट ओढते. एकदा वेग पकडला की सगळं मिळून ५ वॅटच्या आगेमागे भागतं. म्हातारी डिस्क मरते ती बहुतेक सकाळी चालू करतानाच, ते यामुळे.

३. डिस्कची पत्रिका काढा

प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की वर उजवीकडे किती तास चालली आणि किती वेळा चालू झाली ते दिसतं. खाली लांबलचक यादी असते. त्यातले हे नंबर वहीत उतरवा:

- ९: एकूण चाललेले तास
- १२: किती वेळा वीज मिळाली
- ४: तबकडी किती वेळा सुरू झाली, थांबली
- १९२: वीज अचानक गेल्याने हेड किती वेळा ओढावं लागलं
- १९३: हेड किती वेळा उतरंडीवर गेलं-आलं
- ५, १९७, १९८: खराब झालेले किंवा संशयित सेक्टर (तबकडीवरचे डेटा साठवायचे बारीक तुकडे)

*फसगत पहिली:* या सॉफ्टवेअरमध्ये यादीचे नंबर आणि आकडे सोळाच्या पाढ्यात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. १९२ तिथे 'सी०' असतो, १९३ 'सी१', १२ म्हणजे '०सी'. आकड्यांचंही तसंच, '१४' लिहिलेलं दिसलं तर ते २० असतं. मी पहिल्या दिवशी हेच न कळल्याने एका चांगल्या डिस्कला मरायला टेकलेली ठरवून बाजूला काढलं होतं. 'फंक्शन' मेनूत 'ॲडव्हान्स्ड फीचर', त्यात 'रॉ व्हॅल्यूज', तिथे '१० डेक' निवडा, आकडे माणसात येतात.

*फसगत दुसरी:* १९२ सगळ्या कंपन्या सारखा मोजत नाहीत. म्हणून तो एकटा बघू नका, १२ च्या शेजारी ठेवून बघा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर पीसी नीट बंद होतोय का, ते तपासा.

आमची मेलेली डिस्क सुदैवाने मरायच्या महिनाभर आधी मी एकदा या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती आणि स्क्रीनशॉट घेऊन विसरलो होतो. नंतर तो सापडला. बारावा आकडा १,१४३. एकशे ब्याण्णववा १,०६१. तीनएक वर्षं दुकान उघडलं तितक्या वेळा चालू झालेली, आणि जवळजवळ तितक्याच वेळा खट्ट. डिस्क फक्त त्यामुळेच गेली असं शपथेवर सांगणार नाही, पण तो कागद प्रिंट काढून मेन स्विचच्या वर चिकटवलाय.

४. आता वहीत गणित करा

डेटाशीटमध्ये दोन मर्यादा सापडतात. तबकडी सुरू-थांब होण्याची, जी पुष्कळ डिस्कवर ५०,००० दिलेली असते, आणि हेड उतरंडीवर जाण्या-येण्याची, जी साध्या डिस्कवर ३ लाख तर एनएएस किंवा सर्व्हरच्या डिस्कवर ६ लाख असते. तुमच्या मॉडेलचा आकडा घ्या आणि भागाकार करा.

रोज एकदा चालू, एकदा बंद: वर्षाला ३६५. पन्नास हजाराला भागलं तर १३७ वर्षं. दुपारी जेवायला जाताना पण बंद केली तर ६८ वर्षं. दुसऱ्या कुठल्या ना कुठल्या कारणाने ती त्याच्या कितीतरी आधीच जाईल, पण 'रोज बंद केल्याने जाते' या भीतीत दम किती ते कळतं.

आता दुसरं उदाहरण. घरी एनएएस आहे. '१० मिनिटं काम नसेल तर डिस्क झोपव' असा टायमर लावलाय, आणि घरच्यांचे मोबाईल दर १५ मिनिटांनी त्यावर फोटो पाठवतात. म्हणजे डिस्क झोपते, पाच मिनिटांत पुन्हा उठते. दिवसाला ९६ वेळा. पन्नास हजार ५२० दिवसांत पार, सतरा महिन्यांत! आणि मालक म्हणत असतो की आमची डिस्क तर कधी बंदच नसते.

तिसरं याहून बेरकी. वीज वाचवणाऱ्या काही डिस्क ८ सेकंद काम नसलं की तबकडी फिरती ठेवून फक्त हेड बाजूला घेत. दर अर्ध्या मिनिटाला एखादा प्रोग्राम डिस्कला टोचत असेल तर दिवसाला २,८८० फेऱ्या. ३ लाखांची मर्यादा १०४ दिवसांत. म्हणून १९३ वर लक्ष ठेवा. आज लिहा, आठवड्याने पुन्हा लिहा, फरकाला सातने भागा. दिवसाला शंभर-दोनशे असेल तर काळजी करू नका, हजारांत असेल तर पुढची पायरी आजच करा.

मर्यादा ओलांडली म्हणजे डिस्क त्याच दिवशी मरते असं नाही. आणि मर्यादेच्या आत आहे म्हणून ती टिकेलच असंही नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कवर चालू-बंदच्या संख्येचा ठळक परिणाम दिसला नाही. तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये ज्या जास्त वेळा चालू-बंद झाल्या त्यांचं बिघडण्याचं प्रमाण दोन टक्क्यांहून अधिकने वाढलेलं दिसलं, पण मशीन बिघडलं की दुरुस्तीसाठी ते वारंवार बंद-चालू करतातच, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यांनीच मोकळं सोडलं. त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्के डिस्कच्या स्मार्टमध्ये धोक्याची एकही खूण नव्हती. पत्रिका चांगली निघाली म्हणून निर्धास्त राहू नका.

५. टायमर दुरुस्त करा

विंडोजमध्ये: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. तिथे 'हार्ड डिस्क' उघडलं की 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' सापडतं. बहुतेक पीसींवर २० मिनिटं असतं. दिवसभर एडिटिंग करणाऱ्याने ते शून्य करावं, म्हणजे 'नेव्हर'. काम संपलं की पीसीच बंद करायचा.

एनएएसवर नियम असा: दिवसभर कुणी ना कुणी वापरत असेल तर झोपवायचा टायमर बंद. फक्त रात्री एकदा बॅकअप घ्यायला असेल तर टायमर एक-दोन तासांचा. दहा मिनिटांचा कधीच नको.

लिनक्सवर एचडीपार्म या कमांडने हेच करता येतं. त्याच्या टायमरचे आकडे तिरपागडे आहेत, २४० म्हणजे २० मिनिटं आणि २४१ म्हणजे ३० मिनिटं, तेवढं ध्यानात ठेवा.

डिस्क वाचवायच्या नादात अख्खा पीसी रात्रभर चालू ठेवू नका. नुसती डिस्क चोवीस तास चालली तरी महिन्याला साडेतीन युनिटच खाते, पण रिकामा बसलेला पीसी ६० वॅट धरला तर रोजच्या १२ तासांचे महिन्याला एकवीस-बावीस युनिट होतात.

६. विजेचा बंदोबस्त

इथे कंजुषी नको. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते-येते-जाते, तो फडफडाट सगळ्यात वाईट. डिस्क वेग पकडते न पकडते तोच वीज तुटते. यूपीएस त्यासाठी. दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, नीट शटडाऊन होतं. यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडली तर बॅटरी उतरताना पीसी आपोआप बंद करता येतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. महिन्यातून एकदा काम सेव्ह करून, फाईली बंद करून, यूपीएसची पिन काढून बघा किती मिनिटं तग धरते.

घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. साधा इन्व्हर्टर बदली करायला जो क्षण घेतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. तसं होत असेल तर त्याच्या मोडचा स्विच 'यूपीएस'वर आहे का ते बघा.

दुकानदारांसाठी खास: डीव्हीआरची लाईन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढून घ्या. रात्री मेन पाडलं की कॅमेरेही बंद होतात. चोर दिवसा येत असते तर गोष्ट वेगळी होती.

यूएसबीची बाहेरची डिस्क वायर ओढून काढू नका. आधी 'इजेक्ट', मग फिरणं थांबल्याचं हाताला जाणवेपर्यंत दहा सेकंद, मगच उचला.

७. जुनी, वर्षानुवर्षं चालू असलेली डिस्क बंद करण्याआधी

शाहूपुरीत एका ओळखीच्यांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. त्यांचा सर्व्हर कित्येक वर्षं बंद झाला नव्हता. २०१९ च्या महापुरात त्या भागातली वीज बंद झाली. सर्व्हर वरच्या मजल्यावर होता, पाण्याचा थेंब लागला नाही. वीज आल्यावर चालू केला तर दोनपैकी एक डिस्क उठलीच नाही. फिरत होती तोवर फिरत होती. गार होऊन थांबल्यावर पुन्हा वेग पकडायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

म्हणून असा पीसी दिवाळीच्या रंगकामासाठी, दुकान हलवायला किंवा महावितरणच्या ठरलेल्या शटडाऊनसाठी बंद करायचा असेल तर आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा.

नदीकाठच्या भागात असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की डिस्क वर न्यायला घ्या, ४३ ची धोका पातळी यायची वाट बघू नका. आणि पुरात भिजलेली डिस्क "चालते का बघू" म्हणून लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

८. उष्णता आणि दमट हवा

डिस्क ३० ते ४५ अंशांत राहील असं बघा. पुष्कळ डिस्कची वरची मर्यादा ६० असते, पण मेमध्ये पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, बंद लाकडी कपाटात कोंबलेला डीव्हीआर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. कपाटाला मागून भोकं पाडा.

डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं, बाजूला 'झाकू नका' असं लिहिलेलं. हवेचा दाब सारखा राहायला ते लागतं. नाव लिहायचा स्टिकर त्यावर चिकटवू नका. मी चिकटवला होता. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कला हे छिद्र नसतं.

एसीत गार झालेली डिस्क पावसाळी दमट हवेत आणून लगेच लावू नका, आत पाणी धरू शकतं. अर्धा तास तशीच ठेवा.

९. कपाटातल्या डिस्क

बंद ठेवलेली डिस्क झिजत नाही, पण अमर पण होत नाही. आमच्याकडे जुन्या लग्नांच्या अकरा डिस्क आहेत. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. दर सहा महिन्यांनी सगळ्या एकेक करून लावतो, तासभर चालवतो, काही मोठ्या फाईली वाचून बघतो, ५ आणि १९७ चे आकडे वहीत लिहितो. १९७ शून्यावरून हलला की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवतो. टक-टक आवाज आला तर लगेच बंद. "अजून एकदा चालू करून बघू" या मोहात उरलेलाही डेटा जातो.

तीन प्रती, दोन वेगळ्या जागी. आमची एक प्रत मामांच्या घरी, कसबा बावड्यात, असायची. २०२१ च्या पुरानंतर ती उंचावरच्या साने गुरुजी वसाहतीत हलवली.

आता नवीन डिस्कला दीड वर्ष झालं. बारावा आकडा ४८७, एकशे ब्याण्णववा ९. त्यातले सहा यूपीएसची बॅटरी मेली त्या आठवड्यातले. उरलेल्या तीन वेळांबद्दल आण्णा काही बोलत नाहीत. पण हल्ली साडेनऊला शटर अर्धं खाली आलं की आधी हाक येते, "निजली का रं तुझी तबकडी?"